११५.७ हा आकडा टाकीत उतरवून बघा

सुगंधी तेलं आणि डास हा विषय पीएचडीला घेऊ का, असा विचार बरेच जण करतात. तेल काढता येतं, अळ्या पाळता येतात, आकडे पटकन मिळतात. म्हणून आज एकच पेपर घेऊया, आणि तो चांगला आहे म्हणूनच घेऊया. 'बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी'मध्ये २००५ साली आलेला. दहा औषधी वनस्पतींची तेलं, आणि अ‍ॅनॉफेलीस स्टेफेन्सी, एडीस इजिप्ती, क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हे तीन डास. मुंबईकरांच्या भाषेत हिवताप, डेंगी आणि रात्रभर कानाशी गुणगुण.

त्यात बडीशेपेच्या कुळातल्या अ‍ॅनिसचं तेल अळ्यांवर चांगलं चाललं. पहिल्या दोन डासांच्या चौथ्या अवस्थेतल्या ९५ टक्के अळ्या मारायला ११५.७ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, क्युलेक्ससाठी १४९.७. तीन जाती एकाच कामात तपासल्या, हे कौतुकाचंच.

माझी तक्रार पेपरशी नाही. असे आकडे पुढे प्रस्तावनांमध्ये 'पर्यावरणपूरक पर्याय' होऊन फिरतात, त्याच्याशी आहे. पर्याय कशाला?

हिशेब करू. वाकोल्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. झाकण नीट नसलेली अशी टाकी स्टेफेन्सीच्या आवडीची. ११५.७ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे लिटरला ११५.७ मिलिग्रॅम, म्हणजे टाकीला जवळजवळ ११६ ग्रॅम तेल. पिण्याच्या पाण्यात टेमेफॉसची जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली मात्रा लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे टाकीला १ ग्रॅम. शंभरपटीहून जास्त फरक! (प्रयोगशाळेतला ९५ टक्क्यांचा आकडा आणि प्रत्यक्ष वापराची मात्रा या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत, मान्य. पण मात्रा नेहमी त्या आकड्याच्या वर ठेवावी लागते, त्यामुळे तेलाची बाजू आणखीच पडते.)

आणि ती टाकी रोज भरते, रोज रिकामी होते. तेल नळातून न्हाणीघरात जाणार. जे उरेल ते उडून जाणार, कारण उडणं हाच त्याचा स्वभाव. नेहमीची अळी-चाचणी २४ तासांची असते. एडीसला अंड्यातून बाहेर पडून पंख फुटायला साधारण आठवडा लागतो. उरलेले सहा दिवस कोण बघणार? वाकोला नाल्याचं तर बोलायलाच नको, त्या गाळात आणि वाहत्या पाण्यात लिटरला १४९.७ मिलिग्रॅम टिकवायचं कसं?

त्याच पेपरात दालचिनीच्या तेलाचा डास पळवण्याचा आकडा आहे, पण 'प्रति मॅट'. तो त्वचेवर लावायच्या तेलाचा म्हणून उचलू नका. त्वचेवरचं काय होतं ते २००२ च्या न्यू इंग्लंड जर्नलमध्ये बघा: २३.८ टक्के डीट सरासरी ३०१.५ मिनिटं टिकलं, सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटंही नाहीत.

म्हणजे विषय सोडा, असं नाही. टेमेफॉसला न जुमानणारे एडीस अनेक देशांत सापडलेत, पर्याय खरंच हवा आहे. पण तुमच्या प्रस्तावात निदान एवढा तक्ता हवा: तेलातले घटक टक्क्यांसकट, त्याच तुकडीतल्या अळ्यांवर टेमेफॉस, तेच पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी नव्या अळ्या सोडून, आणि शेजारच्या भांड्यात गप्पी मासे.