प्राधिकरण आलं, तयारीचं काय?

महानगरांच्या आपत्ती व्यवस्थापनावर नंदुरबारात बसून काय बोलायचं, असं कुणालाही वाटेल. आम्हाला वाटतं, इथूनच बोलावं.

आधी कायदा पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशी तीन प्राधिकरणं होती. शहराचं वेगळं नव्हतं. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईची जुनी गटारं होती तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाची. २०२५ च्या दुरुस्तीनं उणीव भरली. राज्याच्या राजधानीसाठी आणि महापालिकेच्या मोठ्या शहरांसाठी राज्य सरकारला आता शहरी प्राधिकरण नेमता येतं. हे चांगलंच झालं.

आमची हरकत रचनेवर आहे. जिल्हा प्राधिकरणात कलेक्टरच्या जोडीला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सहअध्यक्ष असतो. शहरात मात्र अध्यक्ष आयुक्त, उपाध्यक्ष कलेक्टर, आणि बाकीचे सदस्य राज्य सरकार ठरवणार. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची जागा कायद्यानं पक्की केलेली नाही. आता कोणता नाला आधी तुंबतो, कोणत्या चाळीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणत्या गल्लीत बंब शिरत नाही, हे कुणाला ठाऊक? नगरसेवकाला, आशाताईंना, मंडळाच्या पोरांना. त्यांना टेबलाशी जागा नसेल, तर आराखडा कागदावरच राहील.

नंदुरबारनं काय केलं? २०२० मध्ये पहिली लाट ओसरत असताना तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी ऑक्सिजन प्लांट उभारायला घेतले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतली रुग्णालयं ऑक्सिजनसाठी टाहो फोडत होती, तेव्हा इथं तो हवेतून तयार होत होता. देशभर कौतुक झालं, पण एका कर्तबगार अधिकाऱ्याची गोष्ट म्हणून. आमच्या मते हे कौतुक अपुरं आहे. गरज जिल्ह्यातच ओळखली गेली, संकटाआधी ओळखली गेली, आणि खर्चाचा निर्णयही इथंच झाला. शिकायचं ते हे. अधिकारी तर बदलून जातो. मागे प्लांट चालवणारा शिकलेला माणूस आणि दुरुस्तीचा पैसा उरला, तरच त्याला क्षमता म्हणायचं.

म्हणून मोठ्या शहरांना आमचं सांगणं साधं आहे. प्राधिकरणावर लोकप्रतिनिधी घ्या. वॉर्डाला स्वतःचा निधी द्या. पावसाळ्याआधी गल्लीतल्या माणसांना घेऊन सराव करा. एवढं होत नसेल, तर पुढच्या २६ जुलैला नवं प्राधिकरण नेमकं कुणाला फोन करणार?