हवाला देवावर : ज्यू परंपरेतील ‘बित्ताहोन’ आणि बाजारपेठ

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण वापरतो ती बहुधा टोमणा म्हणून. हातपाय न हलवणाऱ्याला ती ऐकावी लागते. पण ‘देवावर हवाला ठेवला आणि कामाला लागलो’ असेही आपण म्हणतो, आणि तिथे टोमणा नसतो. खाटेवर पडून ठेवलेला हवाला आणि कामाला लागताना ठेवलेला हवाला यांत फरक कोणता? ज्यू धर्मविचारात या प्रश्नाची चर्चा शतकानुशतके चालली आहे. त्यातील दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

हिब्रू भाषा येथे दोन शब्द वेगळे ठेवते. ‘एमुना’ म्हणजे देव आहे आणि जग त्याच्या हाती आहे ही श्रद्धा. ‘बित्ताहोन’ म्हणजे त्या श्रद्धेवर रोजच्या जगण्याची भिस्त ठेवणे. पहिला शब्द प्रार्थनामंदिरात पुरतो, दुसऱ्याची परीक्षा बाजारात होते.

ताल्मूदच्या ‘बेराखोत’ या भागात हा पेच एका वादाच्या रूपाने येतो. रब्बी यिश्माएल यांचे मत असे, की धर्माध्ययन करावे, पण नांगरणीच्या वेळी नांगरावे आणि कापणीच्या वेळी कापावे. रब्बी शिमोन बार योहाय विचारतात, की प्रत्येक हंगाम शेतात गेला तर अध्ययन कधी व्हायचे? माणसाने देवाची इच्छा पाळावी, त्याचे काम दुसऱ्यांच्या हातून होईल. या वादावर पुढच्या काळातील अबाये या पंडिताचा अभिप्राय मार्मिक आहे. पुष्कळांनी यिश्माएल यांचे ऐकले, त्यांचे जमले. पुष्कळांनी शिमोन यांचे ऐकले, त्यांचे जमले नाही. येथे निवाडा अनुभवाने दिला आहे. म्हणजे खाटल्याचा मार्ग ज्यू परंपरेतही कोणी तरी सुचवला होता आणि बहुतेकांना तो पेलला नाही.

या विषयाची पहिली पद्धतशीर मांडणी म्हणून ज्या ग्रंथाकडे पाहिले जाते, तो अकराव्या शतकातील स्पेनमध्ये लिहिला गेला. बहिया इब्न पकुदा हे सारागोसा येथील धर्मन्यायाधीश. ‘हृदयाची कर्तव्ये’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा ग्रंथ अरबी भाषेत आहे. बाराव्या शतकात यहुदा इब्न तिब्बोन यांनी तो हिब्रूत आणला. दहा ‘द्वारां’च्या या ग्रंथाचे चौथे द्वार भरवशाचे. त्याच्या आरंभीच बहिया देवावर विसंबणाऱ्या माणसाची तुलना किमयागाराशी करतात. किमयागाराला विशिष्ट द्रव्ये लागतात, विषारी धूर सोसावा लागतो, गुपित फुटण्याची आणि सोने हातचे जाण्याची धास्ती जन्मभर राहते. विसंबणाऱ्याला यांतले काहीच नको. मात्र बहिया त्याला बसून राहायला सांगत नाहीत. मांजराला उंदीर पकडण्याजोगे शरीर मिळाले, तसा माणसालाही एखाद्या धंद्याकडे ओढा मिळतो; त्याने तो धंदा करावा, पण धंदाच आपल्याला पोसतो असे समजू नये. जाणूनबुजून विष घेऊन ‘देव राखील’ म्हणणाऱ्याला ते दोषी ठरवतात.

हे प्रकरण आजही मन निववते. तरी किमयागाराच्या तुलनेत एक अडचण दडलेली आहे. भरवशाचा मोठेपणा येथे त्याच्या लाभावरून सिद्ध होतो : मनःशांती, निर्भयता, स्वस्थ झोप. भरवसा म्हणजे अधिक चांगली किमया, असेच वाचकाच्या मनावर ठसते. सज्जनाला दारिद्र्य का, याचा विचार बहिया पुढे करतात. पण ज्याचे दुकान खरोखर बुडाले त्या वाचकाच्या मनात तुलनाच राहते, आणि आपलाच भरवसा कमी पडला असेल, हा अपराधभाव तिच्यामागून येतो.

नेमक्या याच अपराधभावावर विसाव्या शतकात अव्राहम येशाया कारेलिट्झ (1878–1953) यांनी बोट ठेवले. ‘हझोन ईश’ या नावाने ते ओळखले जातात. 1933 साली ते विल्ना सोडून पॅलेस्टाइनमधील ब्ने ब्राक येथे आले. ‘एमुना आणि बित्ताहोन’ हे त्यांचे छोटे पुस्तक मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्रसंगी शेवट गोडच होईल असे मानणे म्हणजे भरवसा, हा समज ते जुनी चूक म्हणून खोडून काढतात. उद्या काय होईल हे भविष्यवाणीवाचून कळत नाही. जे घडते ते आंधळ्या योगायोगाने घडत नाही, एवढेच जाणणे म्हणजे भरवसा.

ही व्याख्या कोरडी आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला ती काय देईल, असा प्रश्न पडतो. हसिदी परंपरेतील हबाद पंथाने नेमकी उलट वाट घेतली : मनात चांगले धरावे, त्या धरण्यानेच चांगले ओढून आणले जाते. त्या आईला हेच जवळचे वाटेल. पण मूल गेले तर? तेव्हा कारेलिट्झ यांची व्याख्या तिला निदान दोषी ठरवत नाही. त्यांच्या कोरडेपणातली करुणा ती हीच.

आणि मग ते एक साधा दाखला देतात. एका दुकानदाराच्या तोंडी सदा भरवशाची भाषा. एके दिवशी त्याला कळते, की शेजारी तसेच दुकान निघणार आहे. त्याची झोप उडते, तो अडथळे शोधू लागतो. खरा विसंबणारा मात्र त्या नवख्याला दुकान थाटायला मदत करतो. माझ्या मते पुस्तकाचा प्राण येथे आहे. भरवशाची कसोटी फळावरून उचलून शेजाऱ्याशी होणाऱ्या वागणुकीवर ठेवली, की खाटेचा प्रश्न आपोआप मिटतो. खाटेवर पडून ही परीक्षा देताच येत नाही.

कामाला लागणे हा भरवशाचा भाग असेल, तर वेळीच काम थांबवणे हाही त्याचाच भाग. रानात मिळणारा मान्ना रोज त्या दिवसापुरता वेचायचा, सातव्या दिवसाचा सहाव्या दिवशीच घ्यायचा आणि सातव्या दिवशी घरीच राहायचे, ही ‘निर्गम’मधील शिस्त शब्बाथशी जोडलेली आहे. तिचे एक रूप आपल्या कोकणातही होते. तेल गाळणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांच्या मनात कोणता सिद्धान्त होता हे या नावावरून ठरवू नये. सोमवार पाळणारे तेलीही होतेच. नाव एवढेच सांगते, की आठवड्यातला एक दिवस त्यांनी मिळकतीतून वजा केला आणि तो वर्षानुवर्षे वजा ठेवला. बहियांचे तर्क आणि कारेलिट्झ यांची व्याख्या त्या थांबलेल्या घाण्यापाशी उभे राहून वाचली, तर दोन्ही अधिक नीट उमगतात.