हरलेल्या मल्लाचे आख्यान

काव्य, नाटक आणि कादंबरी ह्यांच्या परीक्षणास मासिकांतून जागेची वाण कधी पडत नाही. परंतु जे वाङ्मय कोणी लिहून ठेवीत नाही, आणि तरीही ज्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत असतात, त्याकडे टीकाकाराची दृष्टी क्वचितच वळते. कुस्तीशौकिनांच्या आठवणी हे अशा वाङ्मयापैकीच होत. पुणे जिल्ह्यात शिरूर व दौंड ह्या दोन गावी त्या ऐकण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. नाटकाच्या प्रयोगाविषयी जितक्या गंभीरपणे बोलावे तितक्याच गंभीरपणे त्यांविषयी बोलण्यास हरकत नाही, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम श्रोत्यांची व कथेकऱ्यांची ओळख करून द्यावयास हवी. शिरूर हे घोडनदीच्या काठी, पुण्याहून अहिल्यानगरास (पूर्वीच्या अहमदनगरास) जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले. यात्रा म्हटली की हगामा आलाच, आणि हगामा म्हटला की नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत दिवस मावळेतो कोणी जागचे हलावयाचे नाही, अशी ह्या मुलखाची रीत आहे. दौंड भीमेच्या काठी, रेल्वेचे जंक्शन. सोलापूरकडचा आणि मनमाडकडचा असे दोन फाटे येथे फुटतात. ह्या भूगोलाचा आख्यानांवर परिणाम होतो. शिरूरकरास शेजारच्या खेड तालुक्याचे शिवराज राक्षे आपल्या घरचे वाटतात. दौंडकराचा जीव सोलापूरच्या फाट्याने धावून मोहोळच्या सिकंदर शेख ह्यांच्यावर जडतो. निदान आमच्या कानी आलेल्या कथांत तरी हाच पक्षभेद आढळला.

‘महाराष्ट्र केसरी’ची परंपरा 1961 पासूनची आहे. माती आणि गादी असे दोन विभाग, प्रत्येकाचा एक विजेता, त्या दोघांची अखेरची झुंज आणि विजयी वीरास चांदीची गदा, हा क्रम वाचकांस ठाऊक असेलच. आमच्या विषयाचा प्रारंभ जानेवारी 2023 मध्ये, पुण्यात कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेपासून होतो. माती विभागात महेंद्र गायकवाड ह्यांनी शेख ह्यांच्यावर टांग टाकली आणि पंचांनी त्या डावास चार गुण दिले. पाठ खरोखरच तितकी वळली होती काय, ह्यावर महाराष्ट्रभर वाद माजला. गायकवाड अंतिम फेरीत गेले व तेथे राक्षे ह्यांनी त्यांस हरवून गदा मिळविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, शिरूरच्याच रस्त्यावरील फुलगाव येथे, शेख ह्यांनी राक्षे ह्यांस अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. पुढे 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर, गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ ह्यांनी राक्षे ह्यांस चीत केल्याचा निर्णय झाला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असा राक्षे ह्यांचा दावा होता. वाद विकोपास जाऊन त्यांनी पंचांची गचांडी धरली व त्यांस लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत गायकवाड हे एका गुणाच्या वादावरून आखाडा सोडून गेले, आणि गदा मोहोळ ह्यांस मिळाली. राक्षे व गायकवाड ह्या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

ह्या घटनाक्रमात नाट्य किती ठासून भरले आहे पाहा! 2023 मध्ये वादग्रस्त गुणांचा लाभ ज्यांस झाला तेच गायकवाड 2025 मध्ये गुणासाठी रुसून निघून जातात. आणि ज्या शिरूरकरांनी 2023 मध्ये ‘पंचाचा शब्द अखेरचा’ असे दौंडकरांस बजाविले, तेच दोन वर्षांनी पंचाच्या डोळ्यांवर शंका घेतात. दौंडकरांनीही आपली जुनी आरोळी टाकून देऊन शिरूरकरांची जुनी आरोळी उचलली. एवढी सुबक उलटापालट नाटककाराने रचली असती तर आम्ही तिला कृत्रिम म्हटले असते.

पण गंमत अशी की, कथेकऱ्यांपैकी कोणासही हा उपरोध दिसत नाही. प्रत्येक जण आपल्या मल्लाच्या पराभवापाशी कथा सुरू करतो आणि तेथेच संपवितो. फुलगावची कुस्ती, जिच्याविषयी कोणाचीच तक्रार नाही, ती दौंडातदेखील एका वाक्यात आटोपते. निर्विवाद विजय सांगावयास शब्दच पुरत नाहीत असे नव्हे. ते लागतच नाहीत. शिरूरकर तर त्या रस्त्याने रोज जात असूनही फुलगावचे नाव काढीत नाही. अन्यायाची आठवण जशी रंगते तशी न्यायाची रंगत नाही, हे ह्या वाङ्मयाचे वैशिष्ट्य; आणि आमच्या मते हाच त्याचा दोषही.

पूर्वी वाद नव्हते, पाठीला माती लागली की निकाल लागला, असे वृद्ध मंडळी सांगतात. ह्यात तथ्य आहे, पण थोडेच. माती ही साक्षीदार खरी, आणि गादीवर तसा डाग राहत नाही हेही खरे. परंतु 2023 चा वाद मातीतलाच होता! आता मातीतही गुण मोजतात, आणि पाठ किती अंशांनी वळली हे माती सांगू शकत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चितपटीस एकट्या पंचाचा डोळा पुरत नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते. आख्यानांत मात्र ही सारी मंडळी गळून पडून एकच पंच उरतो, आणि त्यास खलपुरुषाची भूमिका मिळते. निर्णय बरोबर की चूक हा प्रश्न आमच्या लेखाचा नव्हे. ज्याने क्षणार्धात पाहिले त्याच्याविरुद्ध, संथ गतीने दहादा चित्र पाहिलेल्याने साक्ष द्यावी, हा सामना समबल नाही एवढेच आम्ही म्हणतो.

प्रेक्षकांचे असे भांडण काही आजचे नव्हे. होमरच्या ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात रथांची शर्यत चालू असता, पुढे कोणाचा रथ आहे ह्यावरून इदोमेनियस व एजॅक्स हे दोन प्रेक्षकच हातघाईवर येतात आणि अकिलीझला त्यांस आवरावे लागते. तथापि आमच्या कथेकऱ्यांनी ज्याच्याकडून शिकावे तो कवी त्यांच्या घरचाच आहे. महाभारतातील भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध हा वादग्रस्त निकालाचा आद्य नमुना होय. बल भीमाचे अधिक, अभ्यास दुर्योधनाचा अधिक, हे कृष्ण आधीच सांगून ठेवतो. खूण होते, मांडीवर गदा पडते, आणि दोघांचाही गुरू असलेला बलराम नांगर उगारून उठतो. नाभीखाली प्रहार करू नये हा नियम त्यास पाठ आहे. कृष्ण त्यास आवरतो, पण त्याचे समाधान होत नाही. भीमास जग कपटयोद्धा म्हणेल असे बोलून तो द्वारकेस निघून जातो. व्यास निकाल फिरवीत नाहीत आणि बलरामाचा आक्षेपही खोडीत नाहीत. दोन्ही तसेच उभे राहतात. शिवाय पडलेल्या शत्रूच्या मस्तकावर भीमाने पाय दिला, हेही ते झाकीत नाहीत. युधिष्ठिराकडून त्यास खडसावतात.

शिरूरच्या आख्यानात नेमकी हीच लाथ गाळलेली असते. खांदा किती अंगुळे वर होता ह्याचे वर्णन पाव तास चालते, मग एकदम बंदीचा अन्याय येतो; मधली लाथ ‘पोराचा तोल गेला’ एवढ्या तीन शब्दांत विरघळते. नायक निष्कलंक ठेवण्याच्या हौसेने कथा दुबळी होते. वर्षभर घाम गाळलेला मल्ल एका क्षणात स्वतःच्याच हाताने आपली बाजू घालवितो, ह्यातील करुण रस केवढा! तो सांगणाऱ्यानेच टाकून दिला. दौंडकरांची सांगण्याची तऱ्हा त्यामानाने रुक्ष, पण 2023 च्या त्या टांगेविषयी ते बोलतात तेव्हा पाय कोठे अडकला, कंबर कशी फिरली, शेखांनी अंग कसे चोरले हे हातवारे करून दाखवितात. तेथे पंच मागे पडतो व कुस्ती पुढे येते. आम्हांस पुन्हा ऐकावेसे वाटते ते हे.

सर्वांत मोठी हानी झाली आहे ती पृथ्वीराज मोहोळ ह्यांची. 2025 ची गदा त्यांच्या खांद्यावर आली, पण त्या वर्षीच्या आख्यानांत त्यांस संवाद नाही. त्यांनी डाव कोणता टाकला, असे आम्ही दोन्ही गावी विचारून पाहिले. पंचांचा हात गादीवर केव्हा पडला हे प्रत्येकास ठाऊक होते, मोहोळांची पकड कोठे होती हे सांगताना शिरूरात तिघांनी तीन डाव सांगितले, आणि दौंडात एका गृहस्थांनी आम्हांलाच उलट विचारले, “त्या दिवशी मोहोळ लढले ते कोणाशी?”