बोर्नचा हिमालय वाहिला कुणी?

सॅम्युएल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या बँकेतला कारकून. १८६३ साली नोकरी सोडून तो कॅमेऱ्यासह हिंदुस्थानात आला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या. त्याचे प्रिंट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. आपण इथे राहणाऱ्यांनी ते एकदा तरी पाहावेत, पण नुसतं ‘वा!’ म्हणून पुढे सरकू नये.

तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो घेऊन धुवायची. म्हणजे कॅमेऱ्यामागोमाग अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, सगळं बिऱ्हाडच डोंगर चढणार! पहिल्या मोहिमेला सुमारे ३० हमाल होते, काश्मीरच्या मोहिमेला ४२. १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, त्याने फोटो घेतले.

बोर्नची नजर मात्र बरीच दिवस इंग्लंडमध्येच अडकलेली होती. पुढे झाड, मधे पाणी, मागे डोंगर, अशी चौकट त्याला हवी असायची. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ला पाठवलेल्या लेखांत हिमालयात तळी नाहीत अशी चक्क तक्रार आहे. काश्मीरमध्ये ही हौस फिटली. तिथले फोटो देखणे आहेत, पण माझ्या मते साखरेत घोळलेले.

गंगोत्रीच्या हिमनदीपाशी त्याची चौकट मोडली. तिथे झाड नाही, तळं नाही. फुटका बर्फ, धोंडे, आणि त्यातून निघणारं पाणी. त्या काळच्या काचेवर निळं आकाश कोरं पांढरंच उमटे, त्यामुळे चित्र आणखी उघडं वाटतं. देव्हाऱ्यातल्या सीलबंद गंगेच्या गडूवर वाढलेल्या आपल्याला हे गोमुख जरा परकं वाटेल. मला ते त्याचं सर्वांत खरं काम वाटतं. देखणं करायची सोयच उरली नाही, तेव्हा त्याने समोर होतं ते घेतलं.

आता ज्यांच्या पाठीवरून हे सारं वर गेलं त्यांच्याविषयी. वाटेत पळालेल्या हमालांना काठी घेऊन गावात शोधल्याचं आणि झोडपल्याचं बोर्नने स्वतःच, कसलाही संकोच न बाळगता, लिहून ठेवलं आहे. त्याच्या निसर्गचित्रांत माणूस आलाच तर बहुधा डोंगराची उंची कळण्यापुरता. काचेच्या कोपऱ्यात क्रमांक आणि बोर्नची सही. ती काच चढवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. नावं आता मिळणार नाहीत, पण ‘एकट्या छायाचित्रकाराचं साहस’ असं कौतुक तरी थांबवता येईल. काठीची हकीकत फोटोशेजारी लिहिली, तर फोटो काही कमी प्रतीचा होत नाही.

बोर्न पुढे नॉटिंगहॅमला परतला, सुताच्या धंद्यात शिरला आणि जलरंगांत चित्रं काढत राहिला. त्याच्या काचा हिंदुस्थानात, ‘बोर्न अँड शेफर्ड’कडेच राहिल्या. कलकत्त्याच्या त्या स्टुडिओला १९९१ मध्ये आग लागली आणि बराचसा संग्रह जळून गेला.