शेवटचा शब्द यजमानाचा

लाराव्हेलमध्ये मॉड्यूल म्हणजे बहुधा एक पॅकेज. त्याच्या सेटिंग्ज त्याच्याच फोल्डरमधल्या फाइलमध्ये असतात. ते ज्या ॲप्लिकेशनमध्ये बसतं, तिथेही त्याच नावाची फाइल असू शकते. दोघांचं जुळलं नाही तर चालायचं कुणाचं? टेलर ऑटवेल यांच्या या फ्रेमवर्कने हा तंटा सर्व्हिस प्रोव्हायडरमधल्या ‘मर्जकॉन्फिगफ्रॉम’ या फंक्शनमध्ये मिटवला आहे. ओळी मोजक्याच, पण पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा.

गाभ्याशी आहे पीएचपीचं साधं ‘ॲरे मर्ज’. त्याच्या हाती आधी मॉड्यूलची फाइल दिली आहे आणि मग त्याच नावाखाली ॲप्लिकेशनने जे ठेवलं असेल ते. दोन्हीकडे एकच शब्दरूप की असली तर नंतरच्या ॲरेतली किंमत टिकते, म्हणजे ॲप्लिकेशनची. त्याने काही ठेवलंच नसेल तर तिथे रिकामा ॲरे येतो आणि मॉड्यूलचे डिफॉल्ट जसेच्या तसे राहतात. ‘ॲप्लिकेशनने काही सांगितलंय का?’ असं विचारणारी वेगळी अट लिहावीच लागत नाही. या दोन गोष्टींची जागा बदलली असती, तर प्रत्येक पॅकेजने मालकाच्या सेटिंग्ज पुसून टाकल्या असत्या.

खरी गंमत वेळेच्या क्रमात आहे. लाराव्हेल सुरू होताना ॲप्लिकेशनच्या कॉन्फिग फाइल्स आधी वाचल्या जातात, प्रोव्हायडर नंतर रजिस्टर होतात. म्हणजे मॉड्यूल येतं मागून, पण मर्ज होताना त्याला पुढे बसवून त्याचा शेवटचा शब्द काढून घेतला जातो. पाहुण्याने आपलं अंथरूण सोबत आणावं, पण यजमानाने गादी घातली असेल तर तिच्यावरच झोपावं, तसं. इतका विवेक केवळ दोन आर्ग्युमेंटच्या क्रमात सामावलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाहेरची अट कॅशेची. कॉन्फिग कॅशे केलेलं असेल तर मर्ज होतच नाही, कारण कॅशेची फाइल लिहिली गेली तेव्हाच ते त्यात आलेलं असतं.

मर्ज फक्त पहिल्या पातळीवर होतं, हे मात्र अनेकांना खटकतं. समजा, मॉड्यूलने ‘कनेक्शन’ या कीखाली टाइमआउट आणि रिट्राय दोन्ही दिले आणि ॲप्लिकेशनने तिथे फक्त टाइमआउट लिहिला. रिट्राय गायब! डॉक्युमेंटेशनमध्ये तशी सूचनाही आहे. तरीही मी या उथळ मर्जच्या बाजूने आहे. आत खोलवर शिरणारं ‘ॲरे मर्ज रिकर्सिव्ह’ वापरलं असतं, तर तीस आणि साठ या दोन टाइमआउटमधून एक निवडला गेला नसता, दोघांचा मिळून ॲरे झाला असता. ‘ॲरे रिप्लेस रिकर्सिव्ह’ यादीतल्या नोंदी क्रमांकाप्रमाणे बदलतं. मॉड्यूलने जेपीजी, पीएनजी, पीडीएफ अशा तीन प्रकारच्या फाइल्सना परवानगी दिली आणि ॲप्लिकेशनला फक्त पीडीएफ हव्या असल्या, तर यादी होते पीडीएफ, पीएनजी, पीडीएफ. नको म्हटलेलं पीएनजी आतच राहतं. मर्जकॉन्फिगफ्रॉममध्ये आख्खी यादी बदलते, आणि तिथे उरतं फक्त पीडीएफ.