प्राथमिक आरोग्य केंद्रातील समुपदेशक : गोव्याच्या ‘मानस’ अभ्यासाचे एक चिकित्सक वाचन

प्राथमिक आरोग्यसेवेत मानसिक आरोग्याचा अंतर्भाव व्हावा, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. सत्तरच्या दशकात बंगळुरूजवळील साकलवाडा आणि हरियाणातील रायपूर राणी येथे झालेले प्रयोग, १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, बेल्लारी जिल्ह्याचा अनुभव आणि त्यातून १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, असा तिचा प्रवास आहे. या साऱ्या प्रयत्नांचा भर वैद्यकीय अधिकाऱ्याला प्रशिक्षण देणे आणि औषधे पोहोचविणे यांवर राहिला. रुग्णाशी बोलणार कोण, हा प्रश्न मात्र मागे पडला. त्या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधण्याचा प्रयत्न शेजारच्या गोव्यात झाला. ‘मानस’ या नावाने ओळखला जाणारा तो अभ्यास आज या विषयावरील जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात उद्धृत होतो. तो जितका उद्धृत होतो, तितका वाचला जातो काय, अशी शंका आल्यावरून हे लेखन केले आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी ‘संगाथ’ या संस्थेच्या माध्यमातून केलेल्या या अभ्यासाचा अहवाल २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने अशा २४ ठिकाणी मिळून २,७९६ रुग्ण त्यात सहभागी झाले. नैराश्य व चिंताविकार यांनी ग्रस्त, परंतु अंगदुखी, थकवा, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन आलेले हे रुग्ण होते. निम्म्या ठिकाणी एक समुपदेशक नेमण्यात आली. ती स्थानिक स्त्री होती, पदवीधर होती. पण आरोग्यक्षेत्राची कोणतीही पार्श्वभूमी तिला नव्हती. सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण एवढीच तिची शिदोरी. आजार समजावून सांगणे, आवश्यक तेथे आंतरवैयक्तिक उपचारपद्धतीची सत्रे घेणे आणि रुग्णाचा पाठपुरावा करणे हे तिचे काम. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, आणि दोघांच्या पाठीशी अधूनमधून येणारे मानसोपचारतज्ज्ञ. उरलेल्या निम्म्या ठिकाणी चाचणीचा निष्कर्ष आणि उपचारांची मार्गदर्शिका डॉक्टरांच्या हाती देण्यात आली. समुपदेशक दिली नाही.

निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनंतर समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५ टक्के, तर नसलेल्या ठिकाणी ५२.९ टक्के रुग्ण बरे झाले. सामान्यतः उद्धरण येथे थांबते. वास्तविक अहवालाचा खरा गाभा यापुढे आहे. सरकारी केंद्रांत हे प्रमाण अनुक्रमे ६५.९ आणि ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत ६४.१ आणि ६५.९ टक्के. म्हणजे खाजगी दवाखान्यात समुपदेशक असली काय आणि नसली काय, फरक पडला नाही. एकूण परिणाम जो दिसतो, तो सरकारी केंद्रांतून आलेला आहे.

हे चार आकडे शेजारी ठेवून पाहिले की त्यांपैकी तीन एकाच पातळीवर आहेत आणि एकच खाली घसरलेला आहे, हे ध्यानात येते. समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्राचा तो आकडा आहे. तेव्हा या अभ्यासातून ‘सामान्य व्यक्तीने केलेले समुपदेशन प्रभावी ठरते’ एवढाच निष्कर्ष काढणे अपुरे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, ओळखीच्या डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या रुग्णाला जे आपोआप मिळते, म्हणजे नावानिशी ओळख, घरच्यांची चौकशी, ‘पुढच्या आठवड्यात येऊन जा’ असे सांगणारा माणूस, ते सरकारी केंद्राच्या रांगेत मिळत नव्हते. समुपदेशकाने ती उणीव भरून काढली. दोन्हीकडच्या डॉक्टरांच्या हाती तीच मार्गदर्शिका होती. एकाला ती वापरता आली, दुसऱ्याला आली नाही. दोष दुसऱ्या डॉक्टरचा नव्हे. त्याच्या वाट्याला येणाऱ्या मिनिटांचा आहे. खाजगी दवाखान्यात जाणाऱ्यांची आर्थिक स्थिती वेगळी असल्याने ते मुळातच लवकर बरे होत असतील, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु तो मान्य केला तरी समुपदेशनाच्या गुणाबद्दलचा सरसकट दावा अधिकच सैल होतो.

त्यानंतरचा ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ हा अभ्यास २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोव्यातीलच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर तो झाला. सहा ते आठ सत्रांत रुग्णाला थांबलेली दैनंदिन कामे, आवडीच्या गोष्टी आणि गाठीभेटी यांकडे टप्प्याटप्प्याने परत नेणे, असे उपचाराचे स्वरूप होते. तीन महिन्यांनी उपचारगटातील ६४ टक्के, तर तुलनागटातील ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. हा परिणाम भक्कम आहे. पण खाजगी दवाखाने या वेळी अभ्यासात नव्हतेच. पहिल्या अहवालाने उपस्थित केलेला सर्वांत अडचणीचा प्रश्न अशा रीतीने अनुत्तरित राहिला. पुण्यासारख्या शहरात, जेथे वस्तीतील माणूस तापासाठीदेखील प्रथम गल्लीतल्या खाजगी दवाखान्याची पायरी चढतो, तेथे ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

आता धोरणाकडे वळू. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्राथमिक स्तरासह सर्व स्तरांवरील सर्वसाधारण आरोग्यसेवेत मानसिक आरोग्यसेवा अंतर्भूत करण्याचे बंधन शासनावर घातले. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीतही तिचा समावेश झाला. या आखणीत रुग्ण ओळखणे, जनजागृती आणि पाठपुरावा यांचा मोठा भार आशा कार्यकर्तीवर येतो. समर्थनार्थ गोव्याचा दाखला दिला जातो. हे दाखला देणे सदोष आहे. गोव्यातील समुपदेशक ही केंद्रात आलेली एक अधिकची व्यक्ती होती. तिला याच कामाचे वेतन होते, याच कामासाठी वेळ होता. आशा कार्यकर्तीकडे आधीच गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयरोग्यांचा पाठपुरावा आणि नित्य नवी सर्वेक्षणे आहेत, आणि मिळतो तो मोबदला. त्या मोबदल्यासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३ आणि २०२४ मध्ये संप करावे लागले. ‘मानस’मधून आपण ‘सामान्य’ हा शब्द उचलला आणि ‘अधिकची’ हा शब्द सोडून दिला. पहिला शब्द स्वस्त पडतो.

विदर्भातील ‘विश्राम’ उपक्रमाचे मूल्यमापनही याच दृष्टीने वाचावयास हवे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या या कामाचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही वाढ कौतुकास्पदच आहे. तथापि मदतीपर्यंत पोहोचणे आणि बरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नापिकी आणि कर्ज यांनी खचलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत तर त्यांच्यातले अंतर समुपदेशकाच्या आवाक्याबाहेरचे असू शकते. पुण्यातील बापू ट्रस्ट आणि तिच्या संस्थापक भार्गवी दवर यांनी ‘उपचारातील तफावत’ या संकल्पनेवरच हरकत घेतली आहे, ती येथे लक्षात घ्यावी. निवारा, रोजगार, घरातील हिंसा यांचे प्रश्न निदानाच्या चौकटीत बसविले की उपाय दवाखान्यातच शोधला जातो, असा त्या भूमिकेचा रोख आहे. ही टीका समुपदेशनाला निरर्थक ठरवते असे नाही. पण प्रश्नावलीतील गुण कमी झाले म्हणजे काम झाले, हे समाधान ती हिरावून घेते.

ता. क. म्हणून नव्हे, पण विषयाच्या ओघात आपल्या शब्दाविषयीही बोलावे लागेल. ‘समुपदेशन’ या पारिभाषिक संज्ञेत ‘उपदेश’ बसलेला आहे. उपदेशाची आपल्याकडे टंचाई कधीच नव्हती. गोव्यातील समुपदेशकांच्या कामात मात्र ऐकणे, विचारणे आणि रुग्णानेच ठरविलेल्या छोट्या कृतींचा मागोवा घेणे यांना प्राधान्य होते. आजाराची लेबले टाळून रुग्णाच्या तोंडचा ‘टेन्शन’ हा शब्द स्वीकारण्यात आला, तो याच शहाणपणातून.

महाविद्यालयीन अध्यापकांना विचारात पाडणारा भाग शेवटी येतो. मानसशास्त्र आणि समाजकार्य या विषयांतील आपले पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचे. गोव्यातील पदवीधर स्त्री दोन महिन्यांत तयार झाली. यावरून आपले अभ्यासक्रम अनावश्यक ठरत नाहीत, परंतु ते कोणत्या गोष्टीवर वेळ खर्च करतात, हे तपासणे प्राप्त होते. गोव्यात प्रशिक्षण अल्प होते, देखरेख मात्र अखंड होती. ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’मधील समुपदेशक आपल्या सत्रांचे ध्वनिमुद्रण गटात ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर परस्परांना गुण देत, ते गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळले, असे त्यावरील स्वतंत्र अभ्यासात आढळले. आपल्याकडे क्षेत्रकार्याची नोंदवही आठवड्याच्या शेवटी सहीसाठी पुढे येते आणि सही होते. विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून चार सहाध्यायांसमोर ऐकवणे, याला वेगळा निधी लागत नाही. तासिकेच्या वेळापत्रकात दर आठवड्याला दोन तास मोकळे करावे लागतात. महापालिकेच्या दवाखान्याइतकेच वस्तीतील खाजगी डॉक्टरांनाही या क्षेत्रकार्यात सामील करून घेतले, तर ‘मानस’ने उघडा ठेवलेला तो दुसरा प्रश्न निदान पुण्यात तरी विचारला जाईल.