उपनगरांपलीकडचा माणूस

साहित्याचे नागर आणि ग्रामीण असे दोन भाग पाडले कीं आम्ही टीकाकार निश्चिंत होतों. परंतु मुंबईचीं उपनगरें जेथें संपतात त्यापलीकडचें, शहापूर-मुरबाडकडील जीवन यांपैकीं कोणत्या खणांत घालावयाचें? किन्हवलीच्या बाजूचा शेतकरी पावसाळ्यांत भाताच्या खाचरांत उभा असतो. त्याचा मुलगा आसनगांवाहून लोकल पकडून चाकरीला जातो. आणि शेजारच्या पाड्यावरील कातकरी कुटुंब दिवाळीनंतर दाराला ताटी लावून वीटभट्टीची वाट धरतें. यांत नागर कोण आणि ग्रामीण कोण?

या प्रदेशावर लिहिणारा लेखक बहुधा पावसाळ्यांत येतो. धबधबा, हिरवें रान आणि भोळे आदिवासी एवढी सामग्री त्याला पुरते. त्याच्या लेखनांत खोटें कांहीं नसतें. पण खरें फार थोडें असतें. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे. पुढें वैतरणा व भातसा यांची त्यांत भर पडली. त्याच शहापूर तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. ज्या वर्णनांत तलाव आहे पण रिकामा हंडा नाहीं, तें कितीहि रमणीय असो, अपुरेंच होय.

गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हें पुस्तक येथें कसोटीसारखें उपयोगीं पडतें. त्यांतला प्रदेश किन्हवलीचा नव्हे, डहाणू-तलासरीकडचा. २०१४ सालीं तो पालघर जिल्ह्यांत गेला. १९४५ मध्यें सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्याची ही हकीकत. लग्नासाठीं काढलेलें थोडेंसें कर्ज माणसाला वर्षानुवर्षें 'लग्नगडी' करून कसें राबवितें, हें बाईंनीं दाखविलें. म्हणूनच त्यांचा वारली दयेचा विषय न राहतां माणूस म्हणून उभा राहतो. उणीव काढावयाची तर एवढीच, कीं लढ्याबाहेरचा, चुलीपुढें बसलेला, रुसणारा-हंसणारा माणूस तेथें थोडा दिसतो. तें काम कादंबरीकाराचें. वेठीच्या जागीं आलेली भट्टीवरची उचल त्यानें अजून पुरती पाहिलेली नाहीं.

माझ्या वर्गांत त्या बाजूचीं मुलें असतात. 'माझें गांव' या विषयावर लिहावयास सांगितलें, तर तीं पाठ्यपुस्तकांतलें गांव लिहून देतात. आपला पाडा पुस्तकांत येण्याजोगा आहे, असें त्यांना वाटतच नाहीं. हा दोष मुलांचा खास नव्हे.